अक्का, त्या डिस्कचं भांडण अजून मिटलेलं नाही

अक्का, तुझ्या तेराव्याचं जेवण झाल्यावर माणसं ओसरीवर विडा खात बसली होती आणि तुझ्याबद्दल गोड बोलत होती. कोणी म्हणालं, तुळसाबाई फार शांत होत्या. कोणी म्हणालं, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी आत हात धुवत होतो, तसाच ओल्या हाताने बाहेर आलो आणि विचारलं, "कोणाबद्दल बोलताय तुम्ही? चुकीच्या घरी जेवलात का?" सरोजाने, बायकोच्या हक्काने, मला दंडाला धरून आत नेलं. पण मी खोटं बोललो का? कुंभकोणमच्या बाजारात भाव करताना मला हरवणारा माणूस अजून भेटलेला नाही, आणि तुझ्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही. तुला शांत म्हणणं म्हणजे माझ्या सगळ्या हरण्यांचा अपमान आहे.

म्हणून लिहायला बसलो. हे पुस्तकी मराठीत लिहितो आहे, कारण आपली ही तमिळ मुलखातली मराठी बोली कागदावर आली की पुण्याकडचे लोक हसतात. तू म्हणाली असतीस, "हसूं दे रे वेंकू, त्यांस दांत आहेत तोंवर."

व्हिडिओचं दुकान मी उभं केलं, हे तू कधी नाकारलं नाहीस. आपले वडील, अण्णा, जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांत स्वयंपाकाला मागच्या दाराने गेले. मला त्याच लग्नांत पुढच्या दाराने जायचं होतं. तेव्हा गावात टेप लावायचा डेक असलेली घरं मोजकीच होती. मी भाड्याचा डेक आणि भाड्याचा टीव्ही सायकलरिक्षात बांधून तिरुनीलक्कुडीपासून पट्टीश्वरमपर्यंत वाड्यावस्त्या फिरलो, बारशांना आणि जत्रांना सिनेमे दाखवले, आणि त्यातून पहिला कॅमेरा घेतला. त्याच सुमारास तू एक दिवस ट्रंक आणि शिलाईचं मशीन घेऊन सासरहून परत आलीस. का आलीस ते अण्णांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू दुकानात येऊन म्हणालीस, "नवरीच्या खोलीत तुला कोण जाऊ देणार आहे? कॅमेरा मजकडे दे."

बाई कॅमेरा घेऊन येते म्हणून लोक आपल्याला बोलवू लागले आणि मी त्याचा वेगळा भाव लावू लागलो. तू चिडायचीस. "मी साडी नेसते त्याचाही भाव लावतोस होय रे?" मी म्हणायचो, "बाजारात जे दुसऱ्याकडे नाही त्याला भाव असतो." एवढी एक बाजू माझी लिहून ठेवतो.

पट्टीश्वरमचा तो पानमळेवाला तुला आठवत असेल. मुलीच्या लग्नाची टेप घेऊन आला होता. मुलगी बाळंतपणात गेली होती, आणि त्याने टेप लावली तर पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. आपल्याकडची दमट हवा. टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. तू स्पिरिटचा बोळा घेऊन दोन दिवस ती इंच इंच पुसलीस. शेवटी आवाज आला, चेहरा आला नाही. तो माणूस टेप पंच्यात गुंडाळून घेऊन गेला. तो गेल्यावर तू माझ्यावर उखडलीस. "आपण लोकांना काय विकतो रे? बुरशी?" मी म्हणालो, बुरशी मी पेरली नाही. तू म्हणालीस, "पीक तर तूच कापतोस."

त्या एका वाक्याने मला चेन्नईला जावं लागलं.

डिस्कवर चित्र उतरवणारं यंत्र तेव्हा नवीन होतं. टेपला बुरशी धरते, डिस्कला धरत नाही, एवढंच मला कळलं होतं. जुन्या सामानाच्या बाजारात एका शेटाकडे ते वापरलेलं मिळालं. सकाळी मी भाव सुरू केला. दुपारी तो शेट जेवायला गेला, तेव्हा मी त्याच्या पायरीवर बसून राहिलो. संध्याकाळी त्याने यंत्र दिलं, रिमोट दिला, माहितीचं पुस्तक दिलं आणि साहेब म्हणावं तशा इकडच्या आदराने म्हणाला, "अय्या, पुन्हा येऊ नका." मी विजयी होऊन घरी आलो. तू यंत्राकडे पाहिलंही नाहीस, पुस्तक उचललंस, आणि शब्दकोश घेऊन माजघरात बसलीस. पोथी वाचावी तसं हेल काढून वाचायचीस. सरोजा म्हणायची, "नैवेद्य आणू का?"

पुस्तकाचं सार तू मला जेवताना सांगितलंस. "दोनच गोष्टी आहेत. करंट जाऊं नये आणि ओल लागूं नये."

मी घास खाली ठेवला. कुंभकोणमात! जिथे करंट येतो तोच जाण्यासाठी, आणि कावेरीची ओल भिंतीतून मिठाच्या बरणीपर्यंत पोचते, तिथे मी हे यंत्र आणलं होतं. "विकत घेण्याआधी वाचायचं होतंस," तू म्हणालीस. "भाव करताना तोंड चालवलंस, डोळे चालवायचे."

पण मग तू जे केलंस ते मी आजही गिऱ्हाइकांना सांगतो. डिस्क भरत असताना काय काय उतरलं त्याची अनुक्रमणिका यंत्र आपल्या डोक्यात ठेवतं, आणि शेवटी बंद करण्याचं बटण दाबलं की मग ती डिस्कवर लिहितं. त्याआधी करंट गेला तर डिस्क भरलेली असूनही कोरी. म्हणून तू लॉरीची बॅटरी आणि इन्व्हर्टर मागून घेतलास आणि यंत्र कधीही भिंतीतल्या करंटच्या एकट्याच्या भरवशावर चालवलं नाहीस. ओलीसाठी तू औषधांच्या दुकानातून गोळ्यांच्या डब्यांतल्या त्या खड्यांच्या पुड्या गोळा केल्यास. कोरडे असले की निळे, ओल प्याले की गुलाबी. गुलाबी झाले की तू ते दोशाच्या तव्यावर मंद भाजून पुन्हा निळे करायचीस. सरोजाने वेगळा तवा मागितला, तो मी आणला. मी यंत्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचो, तू ते सोडून सुती धोतर घालायचीस. "प्लास्टिकमध्ये ओल बाहेर राहत नाही, आत कोंडते. माणसाला रेनकोटात घाम येतो ना?" आणि मी ज्याच्यावर एवढा खूश होतो, त्या एसीच्या खोलीतून यंत्र थेट बाहेर काढायला तू बंदी केलीस. थंड काच दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं. यंत्रातली काच तर मसुराच्या डाळीएवढी. कुठेही जायचं असलं की तू यंत्र आदल्या दिवशीच एसीबाहेर काढून ठेवायचीस, नवरीला आधी बोहल्याजवळ आणून बसवावं तसं.

स्वामीमलैचं काम माझ्यामुळे मिळालं, हे मात्र तुला मान्य करावं लागेल. आपल्या भजनमठासाठी विठोबाची पंचधातूची मूर्ती करायची होती आणि भाव ठरवायला मठाने मला पाठवलं. म्हातारा मूर्तिकार, तिकडे त्यांना स्थपती म्हणतात, नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून दुमडून देवाचं माप घेत होता. मी सांगितलं, हात कमरेवर. त्याने विचारलं, "शंख? चक्र? आशीर्वादाचा हात?" मी म्हणालो, काही नाही, दोन्ही हात कमरेवर, नुसता उभा. तो माझ्याकडे बघत राहिला. मीही तेव्हा भाव कमी व्हायची वाट बघत, कमरेवर हात ठेवून उभा होतो. "राव," तो म्हणाला, "तुमच्याच जातीचा देव दिसतो. किंमत ऐकल्याशिवाय हलणार नाही." तू सोबत होतीस. तू इतकी हसलीस की त्याने तुझ्या हसण्यावर भाव उतरवला, माझ्या बोलण्यावर नाही. हेही मला लागलं होतं.

त्याचा मुलगा सिंगापूरला होता आणि परत येणार नव्हता. बापाची ही शेवटची मोठी मूर्ती, तर तिचं सगळं काम, मेणापासून ओतण्यापर्यंत, उतरवून ठेवा, असं त्याने फोनवर सांगितलं. आठवडाभर मी त्याच्याशी फोनवर भाव केला. ठरलं ते असं : त्याला टेपवर प्रत मिळेल, मूळ डिस्क दुकानाची. दुसरी डिस्क करायला दुसरं यंत्र लागलं असतं, ते गावात कोणाकडे नव्हतं. म्हणजे जगात एकच डिस्क, आणि ती माझी. अशी अट मी पुन्हा कधी जिंकलो नाही.

तू थोडं थोडं करून सगळं काम त्या एकाच डिस्कवर उतरवलंस, रोजचा भाग रोज बंद करून. तेव्हाही आपलं भांडण झालंच. तू म्हाताऱ्याचा चेहरा सोडून त्याची बोटंच टिपायचीस. मेण वळताना अंगठा कुठे दाबतो, नाकाची कड कोणत्या नखाने काढतो. मी म्हणालो, "सिंगापूरवाल्याला बाप बघायचा आहे, तू नखं काय दाखवतेस?" तू म्हणालीस, "बापाचा फोटो काढून दे त्यास." शेडच्या कोपऱ्यात त्याची सून सेल्वी मेणाचं भांडं शेगडीवर हलवत बसलेली असायची. तिला मेण वितळवायची परवानगी होती, वळायची नव्हती. म्हाताऱ्याचा नियमच होता, बाईने साच्याला हात लावायचा नाही. तुझं तिच्याशी काय बोलणं व्हायचं ते मी कधी ऐकलं नाही. मी तेव्हा चहाच्या बिलावर भांडत असे.

ओतकाम आलं ते नेमकं सरस्वतीपूजेच्या, हत्यारं पुजायच्या दिवशी. त्या वर्षी नवमी दुपारनंतर लागत होती. एकदा पूजा मांडली की स्थपतीच्या हत्यारांना हात लागणार नव्हता, म्हणून त्याने त्याआधीचा, भर माध्यान्हीचा मुहूर्त धरला. यंत्र आदल्या दिवशीच एसीबाहेर काढून शेडमध्ये ठेवलं होतं. पाऊस रिपरिपत होता. मूर्तीचा मातीचा साचा जमिनीत पुरून तापवला होता, आतलं मेण वितळून बाहेर गेलं होतं. म्हातारा पुन्हा पुन्हा साच्याच्या तोंडाशी हात धरून बघत होता. तू विचारलंस, "अय्या, काय बघता?" तो म्हणाला, "ओल. आत थेंबभर राहिली तर धातू थुंकतो आणि माणसं भाजतात." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं कोणीतरी शेवटी तुझी बाजू घेतली. मग त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि धार सोडली. पातळ, पिवळी, एकसारखी. ती मध्ये तुटली असती तर मूर्ती वाया गेली असती. तू श्वास धरला होतास, मी बॅटरीवर हात ठेवून बसलो होतो. धार संपली, साच्याच्या दुसऱ्या तोंडातून धातू वर आला, आणि म्हातारा खाली बसला.

त्याच वेळी छपराची एक झावळी सरकली. पावसाचं पाणी तापल्या मातीवर पडलं आणि शेडभर वाफ झाली. तू यंत्रावर अंगच घातलंस. पण वाफेला बाईचं अंग आडवं येत नाही. तू बंद करण्याचं बटण दाबलंस आणि पडद्यावर थेंबाची खूण लागली. आत ओल आहे, मी हलणार नाही, असं यंत्र म्हणत होतं. पाठोपाठ गावचा करंट गेला. यंत्र बॅटरीवर आलं.

आता ते बंदही करता येईना आणि सोडताही येईना. ओल आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, आणि तोवर एक क्षणही करंट जाऊ द्यायचा नाही. शेवटचा भाग असा अर्धा राहिला तर आधीचे भाग तरी वाचता येतील याचा भरवसा तुझ्या त्या पोथीतही दिला नव्हता. म्हाताऱ्याच्या सगळ्या महिन्यांचं काम त्या थेंबावर टांगलेलं होतं. साचा तर फोडायचाच असतो. असं काम तो पुन्हा करून दाखवणार नव्हता. तू म्हणालीस, "बॅटरी संपायच्या आत घरी." आपण ते चालू यंत्र तसंच व्हॅनमध्ये घातलं. मांडीवर यंत्र, पायांशी बॅटरी, आणि तू ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत होतीस. शांत होत्या म्हणे!

दुकानात पोचलो तेव्हा पूजेची मांडणी झालेली होती. आपल्याकडे त्या दिवशी माणूस ज्याच्यावर पोट भरतो ते सगळं देवीपुढे येतं. दोन्ही कॅमेरे, डेक, स्क्रूड्रायव्हर, तुझी कात्री, सगळ्यांना गंध-कुंकू. मेन स्विचलासुद्धा कुंकू लावून तो खाली पाडायचा, आणि विजयादशमीच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी ज्या दिवशी पहिला डेक भाड्याने घेतला त्या वर्षापासून हा नियम मी मोडला नव्हता. माझ्या पाठीशी बापाचा पैसा नव्हता, इस्टेट नव्हती. तो एक दिवस होता. त्या दिवसाने मला सांभाळलं असं मी मानतो. आजही मानतो.

बॅटरीत जीव उरला नव्हता, म्हणून तू इन्व्हर्टर भिंतीला जोडून यंत्राजवळ पाट घेऊन बसलीस. आचार आले. आपल्या भटजींना त्या संध्याकाळी अर्धा बाजार उरकायचा होता, त्यामुळे ते आल्या आल्याच मंत्र म्हणत होते.

"तुळसाबाई, ते खोकं पुढे आणा."

"ते येणार नाही, आचार."

"म्हणजे?"

"त्याची पोथी संपली नाही. शेवटची ओळ राहिली आहे. तुम्ही सप्ताहाला बसलात आणि शेवटच्या अध्यायाला कोणी तुमचं तोंड दाबलं तर चालेल?"

सरोजाचे माहेरचे लोक आले होते, समोरच्या कॉफी क्लबचा मालक आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "अक्का, ऊठ. मी मेन पाडतो."

"पाड. मग सिंगापूरला तूच फोन कर. सांग, मूर्ती आहे, पण ती ओतणारा तुझा बाप डिस्कवरून गेला."

माझा हात स्विचवर होता. मी तो खाली ओढला नाही. त्याच्यावर धरून उभा राहिलो. आचारांनी वाद टाळायला कलशात आंब्याचं पान बुडवलं आणि सगळ्या हत्यारांवर पाणी शिंपडायला हात उचलला. आणि तू, अक्का, भिंतीवरची काळी छत्री काढलीस आणि देवीसमोर, भर दुकानात, उघडलीस.

"हरि हरि!" आचार मागे सरले. "घरात छत्री?"

"बाहेर ऐप्पसी महिन्याचा पाऊस, आत तुमचा. छत्री तीच."

कॉफी क्लबचा मालक हसला. मग सगळेच हसले. आचारही हसले, आणि तिथे माझं काही राहिलंच नाही. "बरं, कोरड्या अक्षता तरी चालतील," ते म्हणाले, "की त्यांनाही ओल आहे?"

"हळद कधी लावलीत?"

"सकाळी."

"मग चालतील."

आरतीपर्यंत गोष्ट आली तरी थेंबाची खूण तशीच. सरोजा कापराचं तबक धरून उभी होती. कापूर विझायला आला की ती आणखी एक वडी टाकायची, आणि आचार शेवटचा श्लोक संपवायचे नाहीत, पुन्हा मागून घ्यायचे. ते हे तुझ्यासाठी करत होते की अंधारात पुढच्या दुकानी जायचा कंटाळा होता म्हणून, ते मला माहीत नाही. मग खूण गेली. तू बटण दाबलंस. यंत्र आतल्या आत गुणगुणायला लागलं, भुंगा काडेपेटीत ठेवावा तसं. मी भाव करणारा माणूस आहे, समोरच्याची तळमळ मला लांबून कळते. त्या दिवशी पूर्ण दुकानाची तळमळ एका बाजूला होती आणि माझा नियम एका बाजूला.

यंत्र थांबलं. डिस्क बंद झाली. तू उठलीस, माझा हात बाजूला करून मेन स्वतः पाडलास, आणि समईच्या उजेडात म्हणालीस, "आतां आणा, कोठें तें पाणी."

त्यानंतरच्या वर्षी दुकानात काही वाईट झालं नाही, हे मी मान्य करतो. पण तो पुरावा नव्हे, असं मी तुला दहादा सांगितलं. तू म्हणायचीस, देवीला विचार. मी म्हणायचो, तू विचारायचं होतंस, छत्री उघडायच्या आधी. हा वाद आपण पुरा केला नाही. पण खरं भांडण याच्यावर नाही. माणसांदेखत तू मला हरवलंस ते मी सोसलं असतं. मी चार ठिकाणी सांगतोही : माझ्या बहिणीने देवीच्या पाण्यावर छत्री धरली आणि डिस्क वाचवली. सांगताना माझी छाती फुगते, हे लपवत नाही.

भांडण दुसऱ्या दिवसाचं आहे. विजयादशमीला पूजा उतरली. तू दुकानासाठी आणि सिंगापूरसाठी एकेक टेप काढलीस. मी कापडबाजारात गेलो होतो. परत आलो तर यंत्र रिकामं, आणि तू स्वामीमलैच्या बसमधून उतरत होतीस.

"डिस्क?"

"दिली."

"कोणाला?"

"सेल्वीला."

"काय भावाने?"

"भाव केला नाही."

"मग केलंस काय?"

"दिली म्हटलं ना."

मी इतका ओरडलो की कॉफी क्लबची गिऱ्हाइकं पेले हातात घेऊन बाहेर आली. आठवडाभर भांडून जिंकलेली अट, जगातली एकुलती एक डिस्क, तू बसच्या तिकिटावर देऊन आलीस. दिवाळीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र माझ्याशी बोलत राहिलीस, कॉफीत साखर किती विचारत राहिलीस, जसं काही झालंच नाही. ते मला जास्त लागलं. दुकानाच्या टेपला दोन पावसाळ्यांत बुरशी आली. मी ती तुझ्यासमोर धरली तेव्हा तू म्हणालीस, "बघ, तरी बरं." का दिलीस ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस, आणि मी रागाने विचारलं नाही. आजारपणातही एकदा विषय निघाला होता. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी म्हटलं, बरी हो, मग भांडू.

परवा मी स्वामीमलैला गेलो. शोक घरी ठेवून, धंद्याच्या कपड्यांत गेलो. डिस्क माझी होती आणि ती परत घ्यायची होती. म्हातारा खुर्चीत बसला होता, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलेला. सेल्वी शेडमध्ये होती, नवऱ्याने पाठवलेला टीव्ही आणि डिस्क प्लेअर एका फळीवर, धोतराखाली. हातात मेण.

"डिस्क माझी आहे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

"मला हवी."

"नाही."

मी सुरू झालो, अक्का. तुला माहीत आहे मी कसा सुरू होतो. आधी कायदा काढला, मग नातं काढलं, मग किंमत बोललो, मग ती वाढवली. ती मेण वळत होती. मी उठून निघालो, रस्त्यापर्यंत गेलो, कारण तिथून माणूस हाक मारतोच. हाक आली नाही. मी परत आलो. पुन्हा उठलो, या वेळी बसथांब्यापर्यंत. बस आली, गेली. मी परत आलो. तिसऱ्यांदा उठणार तेवढ्यात तिने पेला पुढे केला.

"कॉफी घ्या, राव. अक्कांनी सांगून ठेवलं होतं. माझा भाऊ येईल, तीनदा उठून जाईल, देऊ नकोस."

मी कॉफी घेतली. तिच्या पाटावर मेणाची वीतभर मूर्ती होती, देवीची. अंगठा जिथे दाबायला हवा तिथे दाबलेला होता. मी विचारलं, "अय्यांनी शिकवलं?" खुर्चीतून म्हातारा म्हणाला, "मी कशाला शिकवू? बाईने साच्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे." मग त्याने हात पुढे केला. सेल्वीने मूर्ती त्याच्या हातात दिली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी तो बोटांनी नाक चाचपत राहिला, मग हनुवटी, मग पुन्हा नाक. "माझ्या घरात चोरी झाली, राव," तो म्हणाला. "माल चांगला उचललाय."

सेल्वी म्हणाली, "थांबवते, बघते, परत मागे नेते. बोटं सगळी दिसतात."

मी पेला धुवून ठेवला आणि बसने घरी आलो. रिकाम्या हाताने आलो आणि वाटेत भेटेल त्याला ते सांगत आलो. ड्रायव्हरला सांगितलं, कॉफी क्लबवाल्याला सांगितलं : स्वामीमलैला एक बाई आहे, तिने वेंकोबारावाला हरवलं, आणि तिला माझ्या बहिणीने तयार केलं आहे. लोक माझ्याकडे बघत राहिले. एवढं हरून एवढा ताठ चाललेला माणूस त्यांनी पाहिला नसेल.

पण म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस. अक्का, तू मला विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही आहे. तरी विचारायला हवं होतंस.